मुंबईहून ताऱ्यांचे फोटो काढायला निघण्याआधी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर मार्चमध्ये आणि दर ऑक्टोबरात तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी भांडुपला राहतो, नोकरी करतो, गाडी नाही. त्यामुळे इथली उत्तरं लोकल, एसटी आणि शनिवारची रात्र धरून आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा असतो. इथे तो बराच खाली आहे, मुद्दाम.

मुंबईतून आकाशगंगा दिसतच नाही का?

नाही. गच्चीवरून नाही, आरेतून नाही, गोराईच्या किनाऱ्यावरूनही नाही. आकाश किती काळं आहे हे सांगायला जॉन बॉर्टल या अमेरिकन हौशी निरीक्षकाने २००१ मध्ये १ ते ९ अशी एक पट्टी मांडली. १ म्हणजे निखळ काळोख, ९ म्हणजे शहराचा मध्य. मुंबई ८-९ मध्ये येते. आकाशगंगेचा पट्टा नजरेत भरायला निदान ४ च्या आसपासचं आकाश हवं. कॅमेऱ्याला डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं हे खरं, पण त्याला दिव्यांचा उजेडही जास्त दिसतो. भांडुपच्या गच्चीवर वीस सेकंदांचा फोटो घेतला तर जे येतं त्याला आम्ही घरी ‘आंबापोळी’ म्हणतो.

मग किती लांब जायचं?

पहिल्या खेपेला वांगणी. बदलापूरच्या पुढचं स्टेशन, कर्जत लोकल थांबते, आणि खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम वर्षानुवर्षं तिथे होत आलेत. बदलापूर वाढत वाढत आता अंगावर आलंय, वांगणीचं आकाश पूर्वीचं राहिलेलं नाही. तरीही पहिल्या रात्री तुम्हाला शिकायचंय ते काळोखात कॅमेऱ्याची बटणं चाचपायला, आणि त्यासाठी वांगणी पुरेशी आहे.

त्यानंतर मुरबाडच्या पुढे माळशेजच्या पायथ्याची गावं, जव्हारकडचं पठार, कसारा-इगतपुरी ओलांडून भंडारदरा, रतनवाडी, साम्रद. आणि खाली कोकणात दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. यातलं काय निवडायचं ते अंतरावर ठरत नाही, पुढच्या प्रश्नावर ठरतं.

एकदा तरी जावं अशी आणखी दोन नावं: आपल्याच राज्यातलं पेंच, ज्याला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेलं उद्यान, म्हणून मान्यता मिळाली, आणि काळ्या आकाशासाठीच ओळखलं जाणारं लडाखमधलं हानले. पण पेंच नागपूरच्या पलीकडे आहे. शनिवारी रात्री जाऊन रविवारी परत, हे तिथे जमत नाही.

जागा काळोखी होती, तरी फोटोत खाली पिवळा फुगा आला. का?

कारण तुम्ही जागा पाहिली, दिशा पाहिली नाही. लोक सर्वात जास्त चुकतात ते इथे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आकाशगंगेचा फोटो म्हणून आपण जे पाहतो तो तिचा मध्यभाग, धनू आणि वृश्चिक राशींच्या मधला. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तो मध्यभाग इथून दक्षिण क्षितिजाच्या वर फार तर ४२ अंशांपर्यंत चढतो. लंडनमध्ये तो जेमतेम ९-१० अंश वर येतो, म्हणजे आपलं नशीब चांगलं आहे. पण तो कायम दक्षिणेच्या बाजूलाच राहतो. वसंतात पहाटे आग्नेयेला उगवतो, ऑक्टोबरात संध्याकाळी नैऋत्येला कलतो.

आता नकाशा समोर धरा. मार्च-एप्रिलमध्ये तुम्हाला आग्नेय काळी हवी. मुंबईच्या पूर्वेला कुठेही गेलात, वांगणी, मुरबाड, भंडारदरा, तर शहराचा उजेड तुमच्या पाठीशी किंवा उजव्या हाताला राहतो. काम होतं.

ऑक्टोबरात मात्र हेच उलटतं. आता तुम्हाला नैऋत्य काळी हवी, आणि भंडारदऱ्याहून नैऋत्येकडे पाहिलं तर कल्याण, ठाणे, नवी मुंबई, सगळी पंगत तिकडेच बसलेली. डोंगरामागून प्रभा वर येते आणि बरोबर आकाशगंगेच्या बुडाशी ती पिवळी सूज दिसते. कितीही महाग लेन्स लावा, ती जात नाही. म्हणून ऑक्टोबरात मी कोकणात जातो. हरिहरेश्वरला उभं राहून नैऋत्येला तोंड केलं की समोर फक्त अरबी समुद्र. मासेमारीच्या होड्यांचे दिवे असतात, पण ते ठिपके आहेत, शहर नव्हे.

जागा ठरवण्याआधी उजेडाचा नकाशा (रात्री कुठे किती दिव्यांचा उजेड असतो ते दाखवणारा) उघडून एवढंच पाहा: मी ज्या दिशेला कॅमेरा लावणार, त्या दिशेला पुढचं मोठं गाव कोणतं?

कोणते महिने?

आकाशगंगेचा मध्यभाग वर्षात सर्वात छान दिसतो तो जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमक्या त्या दिवसांत आपल्याकडे पाऊस. मुंबईकराला उरतात दोन फटी.

पहिली, फेब्रुवारीच्या शेवटापासून मे अखेरपर्यंत. मार्चच्या शेवटी मध्यभाग पुरेसा वर यायला रात्रीचे अडीच-तीन वाजतात. मेच्या मध्याला तो दहाच्या आसपास क्षितिजावर असतो आणि तीनच्या सुमारास बरोबर दक्षिणेला. दुसरी फट ऑक्टोबरची. अंधार पडला की नैऋत्येला तो तयारच असतो, पण दहाच्या सुमारास मावळतो. ऑक्टोबरची रात्र नोकरदारांची: नऊला काम संपतं, अकराला झोप.

हवा हा वेगळाच विषय. एप्रिल-मेत धूळ आणि वणव्यांचा धूर असतो, क्षितिजाजवळचे तारे गढूळ होतात. पण वळीव पडून गेला की दुसऱ्या रात्रीचं आकाश घासून लख्ख केलेल्या तांब्यासारखं असतं. त्या रात्रीसाठी रजा टाकावी. मी टाकतो.

हिवाळ्यात मध्यभाग नसतो, पण मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका असतात, दक्षिणेला अगस्त्य असतो. देखाव्याबरोबरच्या फोटोसाठी मृग नक्षत्रासारखं दुसरं काही नाही. ज्याला आकाशातलं काही कळत नाही तोही ते ओळखतो. मे महिन्यात रात्री नऊ-दहाला दक्षिणेला अगदी खाली त्रिशंकू दिसतो, तोही घ्या. दिल्लीकरांना तो क्षितिजालाच टेकलेला दिसतो.

अमावास्येलाच जायला हवं का?

नाही, आणि यासाठी कुठलं अॅपही लागत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर संकष्टीला चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, साधारण नऊच्या आसपास. तिथून पुढे चंद्र रोज अंदाजे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. म्हणजे वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास. ऑक्टोबरात तुमचं काम नऊ-दहालाच संपणार असेल तर संकष्टीनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पुढचा आठवडाभर रान मोकळं.

मार्चमध्ये पहाटेचं काम असेल तर उलटा हिशेब: शुद्ध पक्षातला चंद्र. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर मावळतो. ही माझी सर्वात आवडती तिथी. आधी चांदण्यात डोंगर, झाडं, देऊळ यांचा फोटो घ्यायचा, मग चंद्र गेला की त्याच जागेवरून काळं आकाश. ट्रायपॉड हलवायचा नाही. दोन्ही घरी जोडले की समोरचा डोंगर काळा ठोकळा न राहता डोंगरासारखा दिसतो.

आणि पौर्णिमा?

आकाशगंगा विसरा. चांदण्यातला किल्ला घ्या, नाहीतर घरी झोपा.

भरती-ओहोटीचा काय संबंध?

किनाऱ्यावर आहे. कोकणात लोक तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. अमावास्या पंधरावी धरली तर सव्वाअकरा येतात, म्हणजे दुपारी आणि रात्री बाराच्या आगेमागे, शिवाय उधाण. याचा अर्थ अमावास्येच्या संध्याकाळी सातला समोर मैदानासारखी वाळू असते आणि पाणी वर चढायला लागलेलं असतं.

मला हे पुस्तकी माहीत होतं. तरी एकदा ताऱ्यांच्या वर्तुळरेषांसाठी (आकाश फिरताना ताऱ्यांच्या फोटोत उमटणाऱ्या रेघा) ट्रायपॉड ओल्या वाळूत रोवला, कॅमेरा तासाभरासाठी लावून दिला आणि मागे येऊन भजी खाल्ली. लाट कॅमेऱ्यापर्यंत आली नाही, पायांपर्यंत आली. वाळू निसटत गेली आणि एक पाय हळूहळू खाली बसला. घरी येऊन फोटो जोडले, तर सगळ्या वर्तुळांना एकाच ठिकाणी कोपर फुटलेलं. तेव्हापासून किनाऱ्यावर ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली नारळाच्या करवंट्या पालथ्या ठेवतो. हसतात लोक, हसू देत.

बरं, कॅमेरा कोणता?

जो आहे तो. हाताने सेटिंग बदलता येणारा, रॉ फाइल (कॅमेऱ्याने काहीही न बदललेला कच्चा फोटो) देणारा कोणताही. दहा वर्षं जुना डीएसएलआर चालतो. पैसे टाकायचेच असतील तर आधी जड ट्रायपॉडवर, मग एफ २.८ किंवा त्याहून मोठ्या छिद्राच्या (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं) रुंद लेन्सवर, आणि सर्वात शेवटी बॉडीवर. फोर्टात बोरा बाजाराच्या गल्ल्यांत जाऊन जुन्या लेन्स हातात धरून पाहा. दिव्यासमोर धरून आतली बुरशी बघायला विसरू नका. एखाद-दुसऱ्या रात्रीसाठी लेन्स भाड्याने मिळते, तोच शहाणपणा आहे.

मोबाइलवर येतो का?

येतो, ट्रायपॉडवर ठेवला तर. हातात धरून नाही. गूगलच्या पिक्सेलसारख्या फोनमध्ये ताऱ्यांसाठी वेगळा मोड असतो, तो चार मिनिटांपर्यंत उजेड गोळा करून स्वतःच जोडतो. इतर फोनमध्ये ‘प्रो’ मोडमध्ये जाऊन आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, वेळ वीस-तीस सेकंद, फोकस अनंतावर, आणि तीन सेकंदांचा टायमर. फोनवर छान दिसेल, मोठा प्रिंट काढायला जाऊ नका.

सेटिंग काय ठेवू?

सुरुवात इथून करा: छिद्र लेन्समध्ये जितकं मोठं तितकं, आयएसओ ३२००, व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांची छटा ठरवणारं सेटिंग) ४००० केल्विनच्या आसपास, फाइल रॉ.

वेळ किती, ते लेन्सवर ठरतं. आकाश तासाला १५ अंश फिरतं, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं राहिलं की तारे ठिपक्यांऐवजी तांदळासारखे लांबट होतात. ढोबळ नियम ५०० चा. फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ५०० भागिले लेन्सचे मिलिमीटर: २४ ला वीस सेकंद. लहान सेन्सर असेल तर आधी दीडने गुणा. नेहमीच्या १८-५५ किट लेन्सवर १८ म्हणजे २७, म्हणजे अठरा सेकंद. नव्या, जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांवर एवढ्यातही तांदूळ दिसतात. तिथे ५०० ऐवजी ३०० धरा.

ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) बंद. बटण दाबताना कॅमेरा हलतो म्हणून दोन सेकंदांचा टायमर.

सगळे फोटो धूसर आले. लेन्स खराब आहे का?

लेन्स ठीक आहे, फोकस चुकलाय. काळोखात ऑटोफोकसला धरायला काही सापडत नाही. हे असं करा.

ऑटोफोकस बंद. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे लेन्समधलं दृश्य मागच्या पडद्यावर दाखवणारी सोय, चालू. आकाशातला सर्वात तेजस्वी तारा पडद्यावर मधोमध आणा. हिवाळ्यात व्याध, उन्हाळ्यात स्वाती. पडद्यावरचं भिंगाचं बटण दाबून दहापट मोठं करा. आता फोकसची रिंग अगदी केसभर फिरवा. तारा आधी वाटाण्याएवढा, मग मोहरीएवढा, मग सुईच्या टोकाएवढा होतो, आणि रिंग पुढे गेली की पुन्हा फुगतो. टोकावर परत आणा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका, ती बहुतेक लेन्सवर थोडी इकडेतिकडे असते. मग रिंगवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा. ही चिकटपट्टी दहा रुपयांची असते, आणि ती नसल्यामुळे माझी साम्रदची एक अख्खी रात्र वाया गेलीय. पिशवीतून पाण्याची बाटली काढताना कोपर लागलं होतं, एवढंच.

दर अर्ध्या तासाने एक फोटो मोठा करून पाहा. मध्यरात्रीनंतर धुकटपणा आला तर ते बहुधा दव असतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी घाटमाथ्यावर लेन्सची काच आधी ओली होते, मग बाकी सगळं. मोज्यात ऊब देणारी पुडी घालून तो मोजा लेन्सभोवती बांधा. फुंकर मारून पुसू नका.

फोटोत दिसते तशी आकाशगंगा डोळ्यांना दिसते का?

नाही, आणि हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर सोबत आलेले मित्र वैतागतात. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत; दिसतो तो राखाडी, विस्कटलेल्या कापसासारखा पट्टा. तोही वीस-तीस मिनिटं काळोखाला सरावल्यावर. त्यात कुणी मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद दोन पदरी लावा, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. लाल उजेडाने डोळ्यांचा सराव फारसा मोडत नाही.

घरी आल्यावर फोटोत दाणेच दाणे दिसतात. काय करायचं?

एकच फोटो घेऊन येऊ नका, त्याच चौकटीत सोळा घ्या. ते एकावर एक जोडले की दाणे साधारण पावपट उरतात, तारे तसेच राहतात. ‘सिक्वेटर’ आणि ‘सिरिल’ ही फुकट सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. आकाश आणि जमीन वेगळी जोडावी लागते, कारण आकाश सरकत असतं. रंग चढवताना हात आखडता घ्या. सह्याद्रीवरची रात्र जांभळी नसते.

वर्तुळरेषांसाठी उलटं: सरकलेलं तसंच राहू द्यायचं. ध्रुवतारा मुंबईहून उत्तरेला १९ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षा जरा खाली. तीस सेकंदांचे एकशेवीस फोटो, एक तास, प्रत्येक रेघ १५ अंशांची.

रात्री सुरक्षित असतं का?

काळोखाला घाबरू नका, पायाखाली बघा. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, आणि चालताना पांढरा टॉर्च; इथे लाल कागदाचा हट्ट नको, फुरसं लाल उजेडात दिसत नाही. कड्याच्या टोकाची जागा दिवसा पाहून ठेवा. संरक्षित किल्ल्यांवर सूर्यास्तानंतर थांबायला अनेक ठिकाणी मनाई आहे आणि जंगलात वनखात्याची परवानगी लागते, आधी विचारा. आणि एकटे जाऊ नका.

त्याहून महत्त्वाचं: गावात आधी सांगा. मुरबाडच्या पुढे एका पाड्याजवळ आम्ही तिघं न सांगता शेताच्या बांधावर बसलो होतो. रात्री दीडच्या सुमारास दोन जण काठ्या घेऊन आले. त्या आठवड्यात तिथल्या विहिरीवरच्या मोटरची केबल चोरीला गेली होती आणि आमचे लाल दिवे त्यांना घरातून दिसत होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला तेव्हा कुठे काठ्या खाली आल्या. त्यातले आजोबा मग शेजारीच टेकले. उत्तरेला सप्तर्षीकडे बोट करून म्हणाले, “ती म्हातारीची बाज, आन् हे तीन चोर, बाज पळवायला आलेले.” थोडं थांबून म्हणाले, “तुमच्यावानी.”

आता मी दुपारीच पोहोचतो, पोलीस पाटलांना किंवा पहिल्या घरी सांगतो, जेवण तिथेच घेतो. अंगणातला हॅलोजन तासभर बंद कराल का, असं विचारलं तर बहुतेक जण आनंदाने करतात.

परत कसं यायचं?

पहाटेच्या पहिल्या लोकलने. रात्री शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, कारण आकाश नेमकं तेव्हाच मोकळं होतं. आणि ट्रायपॉड पिशवीत आडवा ठेवा. सोमवारी पहाटे डब्यात तो उभा धरलात तर चौथ्या सीटवरचा माणूस तुम्हाला बदलापूरपासून ऐकवत येईल.

पावसाळ्यात काय?

कॅमेरा सांभाळा. रबरी झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापर. मुंबईच्या जुलैमध्ये कापडी बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लागतेच. जूनच्या तोंडावर, पाऊस लागण्याआधी, राजमाची आणि पुरुषवाडीकडे काजवे असतात. त्यांच्या फोटोची रीतही हीच, पण फ्लॅश आणि टॉर्च पूर्ण बंद. झाडं हलवून काजवे उडवणारे लोक पाहिलेत मी. तसं करू नका.

फोटोत एक सरळ रेघ आलीय. उल्का आहे का?

आधीचा आणि नंतरचा फोटो उघडा. रेघ पुढच्या फोटोत पुढे सरकलेली असेल तर विमान किंवा उपग्रह. मध्येमध्ये लाल-हिरवे ठिपके असतील तर नक्कीच विमान, मुंबईला उतरणारं. एकाच फोटोत असेल, दोन्ही टोकांना बारीक आणि मध्ये जाड असेल, कडेला हिरवट झाक असेल, तर अभिनंदन. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून येणाऱ्या जेमिनिड उल्कांच्या वेळी गेला असाल तर अशी एखादी तरी सापडायची शक्यता दांडगी. ती कापून मोठी करू नका, अख्ख्या आकाशासकट ठेवा.